वाढत्या अंगाचे वस्त्र

पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी यावयाची झाली म्हणजे घरातील जुन्या कापडाचा हिशेब सुरू होई. आजोबांचे कोणते धोतर धुऊन धुऊन पुरेसे मऊ झाले आहे, आजीचे कोणते नऊवारी लुगडे मध्यभागी विरले असले तरी पदराकडे अजून धड आहे, कोणता मलमली सदरा आता अंगावरून उतरवून ठेवण्यास हरकत नाही, याची माजघरातली खलबते कानी आली की ह्या घरी बाळंतविड्याची तयारी चालू झाली, हे शेजारच्या बायकांना निराळे सांगावे लागत नसे. मूल जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे काही आणू नये असा पुष्कळ घरांचा शिरस्ता होता. त्यामुळे दुकानातून नवे कापड येई ते बारशाच्या सुमारास, आणि तोपर्यंतचे दिवस बाळ काढी ते वडीलधाऱ्यांच्या अंगावर झिजलेल्या सुतात.

बाळंतविड्यात काय काय असावे याचा निश्चित दंडक नाही. प्रांताप्रांतांत, ज्ञातीज्ञातींत आणि ऐपतीप्रमाणे त्यात कमीजास्त होई. परंतु चारसहा झबली, तेवढीच टोपडी, लंगोटांची चळत, दुपटी, एखादी कुंची, अंगाखाली घालावयाची लहानशी गोधडी आणि ह्या सर्वांच्या जोडीला बाळंतिणीसाठी डिंकाचे व अळिवाचे लाडू, एवढे तर असावयाचेच. आजी, मावशी, आत्या, मामी, थोरली जाऊ, अशा अनेक हातांनी ते भरत असे. एकीने झबली बेतावीत, दुसरीने टिपावीत, जिला डोळ्यांनी साथ दिली आहे तिने हेम घालावी, आणि जिच्या हातून बारीक काम होत नाही तिने बंद उलटवून द्यावेत, अशी कामाची वाटणी आपोआप होई. आणि पुढे तेच मूल मांडीवर घेताना प्रत्येकीला त्याच्या अंगावरचा आपल्या हातचा तुकडा ओळखता येई.

ह्या वस्त्रांकडे आपण आजवर कौतुकाने पाहिले, परंतु विचारपूर्वक फारसे पाहिले नाही. पेशव्यांच्या पोशाखांविषयी, पैठणीच्या विणीविषयी, पगड्यांच्या घाटांविषयी आपल्याकडे लिहिले गेले. झबल्याच्या बेताविषयी लिहावे असे कोणाला वाटले नाही, कारण ते इतके साधे दिसते की त्यात शास्त्र असेल अशी शंकाही येत नाही. माझे म्हणणे असे आहे की त्यात शास्त्र आहे, आणि ते दरबारी पोशाखाच्या शास्त्राहून एका बाबतीत कठीण आहे. मोठ्या माणसाचे अंग स्थिर असते; त्याचे माप एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालते. मुलाचे अंग स्थिर नसते. नवजात बालकाची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते व पहिला वाढदिवस येईतो ती ७५ सेंटिमीटरांच्या घरात जाते; जन्माच्या वेळचे वजन तेवढ्या अवधीत सुमारे तिप्पट होते; डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटरांवरून ४५-४६ सेंटिमीटरांपर्यंत वाढतो. म्हणजे आज ज्या अंगासाठी कापड कातरावयाचे ते अंग कापड शिवून होईपर्यंतसुद्धा तेच राहील अशी खात्री नाही. ह्या चंचल अंगाला पुरणारे वस्त्र ज्या बायकांनी मोजपट्टीवाचून, केवळ वीत आणि बोटे लावून बेतले, त्यांना वाढीचा अंदाज होता. बाजारातला कपडा मापाला शिवलेला असतो. घरातला कपडा वाढीला शिवलेला असे, आणि माझ्या मते त्याचे खरे सौंदर्य तेथेच आहे.

आता प्रत्यक्ष झबलेच पाहू. जुन्या धोतराचा, झबल्याच्या इच्छित लांबीच्या दुप्पट लांब तुकडा घ्यावयाचा. तो आधी आडवा दुमडावयाचा, म्हणजे घडीवर खांदे येतात. मग उभा दुमडावयाचा, म्हणजे चार पदर होतात आणि दोन्ही घड्या जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर गळा येतो. त्या कोपऱ्याचा पाव वर्तुळासारखा लहानसा तुकडा कातरून काढला की गळा झाला. खांद्याच्या घडीपासून चारपाच बोटे खाली कडेकडून आत कातर घेऊन मग खालपर्यंत उतरवली की बाह्या आणि बगला झाल्या. बाही निराळी जोडावयाची नाही, त्यामुळे खांद्यावर शिवण येतच नाही. मग पाठीचे दोन पदर वरपासून खालपर्यंत चिरावयाचे, कारण तान्ह्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि मान अशक्त. डोक्यावरून ओढून घालावयाचे वस्त्र त्याला चालत नाही, त्याचे हात पुढून बाह्यांत घालून पाठीमागे बंद बांधावे लागतात. गळ्याला उरेब पट्टी लावावयाची, म्हणजे गोलाईवर ती चुणी न पडता बसते, आणि त्याच पट्टीची दोन्ही टोके वीतभर लांब ठेवली की तेच वरचे बंद. बटण लावावयाचे नाही. ते अंगाखाली रुतते आणि निघाले तर मुलाच्या तोंडात जाण्याची धास्ती.

अंगाला जी बाजू लागते तिचा विचार सर्वांत आधी. मोठ्यांच्या कपड्यात शिवणीची कच्ची कड आत लपवतात आणि बाहेरून कपडा देखणा ठेवतात. पहिल्या महिन्याच्या झबल्यात जाणत्या बायका ती कड बाहेर ठेवीत, जेणेकरून मुलाच्या नाजूक कातडीला लागेल ती सपाट, निर्मळ बाजू. पुढे मूल थोडे मोठे झाले म्हणजे शिवण दोनदा उलटवून कच्ची कड आतल्या आत बंद करीत. जुने कापड घेण्यामागेही हाच विवेक होता. नव्या कापडाला गिरणीची खळ असते, सूत ताठ असते, रंग पक्का की कच्चा याचा भरवसा नसतो. जुन्या धोतराची खळ कधीच गेलेली असते, शंभर धुण्यांनी त्याचा पीळ सैल झालेला असतो आणि ते पाणी लगेच टिपून घेते. दीर्घायुषी माणसाचे वस्त्र बाळाला घातले की त्याचे आयुष्य बाळाला लागते, ही श्रद्धा ह्याच व्यवहारावर उभी आहे. कोणी तिला भाबडी म्हणो. ज्या श्रद्धेमुळे मुलाच्या अंगाला मऊ सूत लागले आणि ज्या वृद्धाने ते दिले त्याला आपल्या झिजलेल्या धोतराचा अभिमान वाटला, ती श्रद्धा मला मोलाची वाटते.

ह्या बेतात कापड वाया जात नाही, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याकडचा अंगरखा, बाराबंदी, जुन्या घाटाची पैरण, ही सर्व वस्त्रे सरळ पट्ट्या, त्रिकोणी कळ्या आणि बगलेतील चौकोनी तुकडा यांच्या जोडणीतून तयार होत. अंगाच्या वळणाबरहुकूम कापड गोल गोल कातरून बाकीचे फेकून देण्याची पद्धत ही मागाहूनची. झबल्याच्या गळ्याचा जो तुकडा निघे त्याची बाहुलीची टोपी होई. बगलेच्या तुकड्यांचे टोपड्याचे कान होत. त्याहूनही लहान चिंध्या गोधडीच्या पोटात जात. घरातल्या मुली शिवण शिकत ती ह्याच चिंध्यांवर. भातुकलीतल्या बाहुलीचे बारसे ठरले की तिलाही बाळंतविडा लागे, आणि त्या निमित्ताने धावदोरा, टीप, हेम आणि काज ही चार अक्षरे हाताला लागत. मुलगेही त्यात असत. सुईत दोरा ओवण्याचे काम डोळे चांगले म्हणून त्यांच्याकडेच येई, आणि आजीच्या शेजारी सुया ओवून ठेवणाऱ्या कित्येक मुलांनी पुढे आपली बटणे आपणच लावली.

कुंचीची गोष्ट थोडी निराळी. झबले हे रोजचे, कुंची ही मिरवण्याची. सुमारे हातभर रुंद आणि दीडदोन हात लांब अशा कापडाची वरची कड दुमडून शिवली की डोक्याचा भाग होतो, मानेपाशी चुण्या घालून तो बसता केला की बाकीचे कापड पाठीवरून पायांपर्यंत रुळते. टोपी आणि पांघरूण यांचे हे एकत्र रूप. दिवेलागणीला बाळाला देवळात न्यावयाचे झाले, किंवा आजोळाहून ते प्रथम आपल्या घरी निघाले, म्हणजे कुंची हवी. तिच्यासाठी खण काढीत. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे विणले जाणारे खण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी येत आले. त्याच खणाची काठाची बाजू चेहऱ्याभोवती यावी अशा बेताने कुंची कातरली म्हणजे निराळी जर लावण्याचीही गरज उरत नसे.

धारवाडच्या बाजूला ह्या कुंचीवर कशिदा भरीत. तो जिल्हा १९५६ सालच्या प्रांतरचनेपर्यंत मुंबई इलाख्याचा आणि पुढे मुंबई राज्याचा भाग होता, आणि तेथील मराठी घरांनी हा कशिदा आपलासा केला होता. त्यातील कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. कापडावर नक्षी आधी रेखाटावयाची नाही. ताणा आणि बाणा यांचे धागे डोळ्यांनी मोजीत टाका घालीत जावयाचे. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे टाक्यांचे चार प्रकार. गवंतीत धावदोऱ्याने एकदा पुढे जाऊन त्याच वाटेने परत येतात व सुटलेल्या जागा भरून काढतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी उमटते. आणि दोऱ्याला आरंभी किंवा शेवटी गाठ मारीत नाहीत. गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती, पालखी, पाळणा हे त्यातले ठरलेले आकार. अशी कुंची उलटी करून पाहिली तर आतूनही तीच नक्षी दिसते आणि बाळाच्या कपाळाला टोचेल अशी एकही गाठ हाताला लागत नाही. हे तंत्र मुलांसाठी म्हणूनच निघाले असे मी म्हणणार नाही, कारण इरकली लुगड्यांच्या पदरांवरही हेच काम होते. परंतु मुलाच्या टोपड्यावर ते जितके शोभते आणि जितके उपयोगी पडते तितके अन्यत्र नाही.

गोधडीविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून येथे थोडक्यातच. लुगड्यांचे पदर एकावर एक घालून, कडेकडून आत येत दाट धावदोरा घालावयाचा, हे तिचे तंत्र सर्वश्रुत आहे. उत्तर कानड्यातील सिद्दी स्त्रिया अशाच पद्धतीने गोधड्या शिवतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणांचे ‘फूल’ बसवल्यावाचून गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत, एवढा एक विशेष मात्र नमूद करण्याजोगा आहे. पांघरुणालाही नटवून मगच मुलाच्या अंगावर घालण्याचा हा आग्रह किती खोल आहे ते त्यावरून कळते.

मूल रांगू लागले, चालू लागले, की बंदांची झबली संपतात आणि शिवणाऱ्या हाताची खरी परीक्षा सुरू होते. मुलीचा परकर घ्या. तो शिवताना कापडाची जितकी लांबी असेल तितकी ठेवावयाची आणि खालच्या बाजूला दोनतीन आडव्या टका घालून ती वर घ्यावयाची. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास एक टक उसवली की परकर पुन्हा घोट्यापर्यंत येई. टक जेथे होती तेथे कापडाचा मूळ रंग उजळ राही आणि आडवी रेघ दिसे. म्हणून हुशार बायका त्या रेघेवर रंगीत फीत किंवा वेल घालून ती झाकीत, आणि तीन वर्षांनी त्या परकरावर तीन ओळी नक्षीच्या दिसत. पोलक्याच्या कडेच्या शिवणीत दोन बोटे माया ठेवावयाची, बाहीच्या तोंडाशी दुहेरी दुमड घालावयाची, मुलाच्या सदऱ्याचा खांदा थोडा उतरता ठेवावयाचा, चड्डीच्या कमरेला नाडी घालावयाची म्हणजे पोट भरलेले असो की रिकामे, ती बसेल. ही सर्व योजना आज दिसणाऱ्या मुलासाठी नसून पुढच्या वर्षीच्या, अजून न पाहिलेल्या मुलासाठी असे. काटकसर त्यात होतीच. परंतु माझी खात्री आहे की हा केवळ काटकसरीचा मामला नव्हता. दोन वर्षांनंतरच्या आपल्या मुलीची उंची मनात धरून आज कापड दुमडणाऱ्या आईच्या मनात जो आनंद असतो त्याला दुसरे नाव द्यावे असे मला वाटत नाही.

संक्रांतीचे काळे झबले हा ह्या वस्त्रप्रपंचातील एक गोड अपवाद. एरवी मुलांच्या अंगाला काळा रंग घालीत नाहीत. पहिल्या संक्रांतीला मात्र मुद्दाम काळे कापड आणतात, त्यावर हलव्याचे दागिने घालतात, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हा तरी बोरन्हाण होते. हे झबले एका दिवसाचे म्हणून पुष्कळ जणी घाईने उरकतात. आमच्या आत्याबाईंना ते खपत नसे. काळे कापड आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, सावलीत वाळवल्याशिवाय त्या कातरीला हात लावू देत नसत, कारण हलव्याच्या पांढऱ्या दागिन्यांना रंग लागला तर सगळी शोभा जावयाची. “आत्या, एकाच दिवसाचं तर आहे, मशीनवर उरकून टाकू का?” असे मी विचारले तर म्हणत, “अगं, दिवस एक असला तरी अंग त्याचंच आहे ना? दोरा हातभरच घे, लांब घेतलास की गाठी पडतात. आणि गळा एक बोट मोठा ठेव, बोरं आत गेली तर काढता आली पाहिजेत.” शेवटची सूचना मी दुसऱ्या कोणाकडून कधी ऐकली नाही.

मशीनचा उल्लेख आलाच आहे, तेव्हा तिच्याकडे वळू. शिवणयंत्राचा जन्म घराच्या प्रेमातून झाला नाही. बार्थेलमी तिमोनिए ह्या फ्रेंच शिंप्याने १८३० साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवण्याचा कारखाना काढला. आपली पोटे मारली जाणार ह्या भयाने तेथील शिंप्यांनी तो लवकरच मोडून टाकला. अमेरिकेत इलायस हाऊ याने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या पक्क्या टाक्याचे पेटंट मिळवले, आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली त्यात सुधारणा करून ते बाजारात उभे केले. ह्या सिंगरच्या कंपनीने १८५६ सालापासून हप्त्याने यंत्र देण्याची पद्धत सुरू केली, ती माझ्या दृष्टीने यंत्राइतकीच महत्त्वाची. तिच्यामुळे जे यंत्र कारखानदाराच्याच आवाक्यात होते ते साध्या गृहस्थाच्या ओसरीवर आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मुंबईत पोचले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमशीन ही लग्नात मुलीला द्यावयाच्या वस्तूंत गणली जाऊ लागली. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे काढली, तेव्हापासून ती परदेशी वस्तूही राहिली नाही.

यंत्रांविषयी कठोर असलेल्या गांधीजींनी १९२४ साली झालेल्या एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला, हे प्रसिद्धच आहे. पत्नीला हाताने टाके घालीत कष्टताना पाहून सिंगरने तिचे श्रम वाचवण्यासाठी हे यंत्र रचले, अशी कथा त्यांनी सांगितली. इतिहासाच्या दृष्टीने ती टिकत नाही. सिंगर बॉस्टनमध्ये एका कारखानदाराकडे दुरुस्तीला आलेले यंत्र सुधारीत होता, आणि त्यामागे व्यापाराची प्रेरणा होती. परंतु गांधीजींनी जो निकष लावला तो खोटा ठरत नाही. जे यंत्र माणसाला घरातून उठवून कारखान्यात नेत नाही आणि घरातल्याच हाताला बळ देते ते त्यांना चालत होते. आणि ज्या घरात बाळाच्या पाळण्याची दोरी पायाला बांधून आई हाताने मशीनचे चाक फिरवीत असे त्या घराकडे पाहिले तर तो अपवाद किती समजून केलेला होता ते पटते.

मशीनने काय दिले आणि काय नेले, याचा ताळेबंद एकांगी मांडू नये. जो परकर हाताने टिपावयास दोन दुपारी लागत तो तासाभरात होऊ लागला. झालरी, चुण्यांचे फ्रॉक, गोल कॉलर, हे सर्व मध्यमवर्गीय घरात आले ते तिच्याबरोबर. परंतु मशीनची टीप घट्ट असते आणि ती उसवणे जिकिरीचे. टका उसवण्याच्या पद्धतीला तिने प्रथम धक्का दिला. शिवाय तलम मलमलीला नऊ किंवा अकरा नंबरची बारीक सुई आणि साठ नंबरचा दोरा लागतो, हे ठाऊक नसलेल्या हातांनी चौदा-सोळा नंबरच्या सुईने झबली शिवली, तेव्हा टिपेच्या वाटेवर भोके पडून कापड तेथेच फाटू लागले. म्हणून अनुभवी बायकांनी एक मध्यम मार्ग काढला: लांब शिवणी मशीनवर, आणि गळा, बाही, बंद हाताने. आजही उत्तम झबली अशीच शिवतात.

शिवणाचे शिक्षण हा मात्र वादाचा विषय झाला, आणि त्याबद्दल बोलणे प्राप्त आहे. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेत मुलींची शाळा निघाली तेव्हा मुलींना इंग्रजी आणि गणित कशाला, त्यांना शिवणटिपण आणि स्वयंपाक शिकवावा, असे म्हणणारा पक्ष समाजात बलवान होता. सुईचा असा उपयोग मला क्लेशदायक वाटतो. ज्या विद्येने हाताला स्वातंत्र्य द्यावे ती दुसऱ्या विद्येची वाट अडवण्यासाठी पुढे करावी, यात त्या विद्येचाही अपमान आहे. ह्याच्या उलट टोकाला रमाबाई रानडे यांचे कार्य दिसते. पुण्याचे सेवासदन १९०९ साली सुरू झाले आणि तेथे वाचन-लेखनाबरोबर शिवणाचे वर्ग चालले. विधवा आणि निराधार स्त्रियांना हातात चार पैसे मिळावेत, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहू नये, हा त्यामागचा हेतू. एकच सुई एके ठिकाणी कुलूप झाली आणि दुसरीकडे किल्ली. पुढे १९३० साली किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक निघाले, स्त्रियांच्या नियतकालिकांतून बेतांच्या आकृत्या येऊ लागल्या, झारापकरांच्या कर्तनपद्धतीचे पुस्तक घराघरांत पोचले, आणि जे ज्ञान विती-बोटांत होते ते इंचांत लिहिले गेले. त्यामुळे ज्या मुलींना शिकवणारी आजी नव्हती त्यांनाही ते मिळू शकले, हा लाभ लहान नाही.

दुसऱ्या महायुद्धात ह्या घरगुती विद्येची कसोटी लागली. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले. रेशनच्या दुकानापुढे कापडासाठी रांगा लागल्या, आणि मिळे ते जाडेभरडे. त्या वर्षांत जन्मलेल्या मुलांचे बाळंतविडे जवळजवळ सर्वस्वी जुन्या कापडातून उभे राहिले. दोन विरलेली लुगडी मधून कापून त्यांच्या धड कडा दंड घालून जोडल्या जात. वडिलांच्या कोटाचे अस्तर मुलाच्या बंडीला येई. पडद्याची छीट मुलीच्या फ्रॉकला. त्या पिढीतील माणसे आपल्या बालपणीच्या कपड्यांविषयी बोलतात तेव्हा दैन्याचा सूर क्वचितच लागतो. हे कापड पूर्वी कोणाचे होते, हेच ती प्रथम सांगतात.

मग ही विद्या मागे का पडली? आयांना वेळ उरला नाही, तयार कपडे स्वस्त झाले, हौस संपली, ही उत्तरे नेहमी दिली जातात आणि ती अर्धीच खरी आहेत. मला दिसणारे मुख्य कारण निराळे आहे. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन, नायलॉन आणि पॉलिएस्टर घरात शिरले. ह्या कापडाला इस्त्री लागत नाही, ते लवकर वाळते, वर्षानुवर्षे झिजत नाही. आणि झिजत नाही म्हणूनच मऊही होत नाही, पाणी टिपत नाही, बाळाच्या अंगाला चालत नाही. आजोबांच्या धोतराची जागा टेरिकॉटच्या विजारीने घेतली आणि आजीचे नऊवारी जाऊन पाचवारी नायलॉन आले, तेव्हा बाळंतविड्याचा कच्चा मालच घरातून नाहीसा झाला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, पुष्कळ गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत, आणि ज्या मांजरपाटावर, लाँगक्लॉथवर, पॉपलिनवर घरची शिवण पोसली गेली होती ते कापड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरून हटत गेले. जुने सूत संपले, म्हणून ही विद्या उपाशी राहिली. आईवर दोष ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

अलीकडे काही तरुण आया पुन्हा मलमल मागू लागल्या आहेत. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात घरी बसून झबली, कुंच्या आणि गोधड्यांचे संच शिवून देणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत बाळंतपणाला निघालेल्या आजीच्या सामानात गोधडी आणि कुंची असतेच. विकतचा हा बाळंतविडा मला कमी दर्जाचा वाटत नाही. त्यामागेही कोणाचे तरी हात असतात आणि त्या हातांना त्याचा मोबदला मिळतो. परंतु एक तरी झबले घरच्या माणसाने शिवावे. त्याला मशीन लागत नाही, शिकवणी लागत नाही. धुऊन मऊ झालेला एक सुती सदरा, कातर, सुई, पांढरा दोरा आणि मोकळी दुपार एवढ्यावर ते होते. टाके वाकडे पडले तरी बाळाला ते बोचत नाहीत, फक्त गाठ बाहेरच्या बाजूला घ्यावी.

ह्या वस्त्रांचे जतन करण्याचाही कोणी विचार करावा. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय दिनकर केळकरांनी बालवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे केले, आणि त्यात दिवे, अडकित्ते, भांडी, वस्त्रे अशा नित्याच्या घरगुती वस्तूंना सन्मानाने जागा मिळाली. घराघरांतील ट्रंकांच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या वासात जी झबली आणि कुंच्या पडून आहेत त्यांनाही तशीच नोंद मिळाली पाहिजे. त्यासाठी संग्रहालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. कुंची बाहेर काढावी, सावलीत पसरावी, तिची लांबी-रुंदी सेंटिमीटरांत मोजावी, चुण्या किती आणि कोठे आहेत ते पाहावे, आतली शिवण कोणत्या टाक्याची आहे ते ओळखता येत नसेल तर ज्यांना येते अशा मावशींना विचारावे. मग साध्या सुती फडक्याच्या तुकड्यावर पक्क्या शाईने लिहून तो तुकडा एका टाक्याने आतल्या कडेला अडकवावा: कोणी शिवली, कोणाच्या लुगड्याची, कोणत्या साली, आणि कोणत्या कोणत्या मुलांनी घातली. कागदाची चिठ्ठी ठेवू नये, कारण तिला कसर लागते. आणि टाचणी तर मुळीच लावू नये, तिचा गंज सुतावर कायमचा बसतो.